फुकटची पीडीएफ, छापील पुस्तक आणि झेरॉक्सवाल्या काकांचा प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की आमचा रविवारचा ग्रुप फुकट मिळालेली पीडीएफ छापून त्यावर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतो, आणि त्या एका वाक्यावर एवढ्या मेल आल्या की या वेळचं सदर त्यातच संपणार आहे. ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: एक जण सूत्रधार होतो, गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि जिथे काय होईल ते नक्की नसतं तिथे फासे टाकतात. सोंगट्या, बोर्ड काही लागतंच असं नाही. नियमांचं पुस्तक मात्र लागतं आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

मी वीसेक वर्षं डीटीपीचं काम केलंय, वकील नाहीये, हे ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न: ताई, डंजन्स अँड ड्रॅगन्सची एसआरडी ५.१, म्हणजे त्या खेळाच्या मूळ नियमांची पीडीएफ, ऑफिशियल साइटवरून फुकट डाउनलोड केली. ४०३ पानं आहेत. आम्ही सहा जण, म्हणून सहा प्रती काढायला कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो तर काका म्हणाले पुस्तक दिसतंय, कॉपीराइट असणार, आम्ही नाही काढणार. फुकट असून असं कसं? काकांना दाखवू काय? – कॉलेजवाला, पुणे

उत्तर: पहिलं म्हणजे काकांवर चिडू नकोस, त्यांनी विचारलं तेच बरोबर आहे. फुकट आणि मोकळं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नातलं जेवण फुकट असतं, म्हणून डबे भरून नेऊन विकता येत नाही ना, तसंच. याच खेळाच्या बेसिक रूल्सची पीडीएफ पण फुकट मिळायची, पण तिच्या पानांवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की विकायची नाही, प्रिंट आणि झेरॉक्स फक्त स्वतःच्या वापरासाठी. एसआरडीचं तसं नाही, ती खरंच मोकळी आहे, आणि ती मोकळी झाली त्याची गोष्ट भारी आहे.

२००० सालापासून या खेळाचे मूळ नियम ओजीएल (ओपन गेम लायसन्स) नावाच्या लायसन्सखाली होते, म्हणजे अटी पाळा आणि त्यावर आपापली पुस्तकं काढा. बावीस-तेवीस वर्षं लोकांनी त्यावर धंदे उभे केले. मग जानेवारी २०२३ मध्ये कंपनीच्या, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या, नव्या लायसन्सचा मसुदा फुटला, त्यात मोठ्या विक्रीवर रॉयल्टी वगैरे होतं, जुनं लायसन्स बाद करायची भाषा होती, आणि खेळणारे असे काही भडकले की २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुन्या लायसन्सला हात लावणार नाही म्हणाले, आणि वर एसआरडी ५.१ अख्खीच्या अख्खी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपलं काम इतरांना वापरू देण्यासाठीच्या तयार लायसन्सांपैकी, ‘सीसी बाय ४.०’ खाली टाकली. ही परवानगी त्यांना परत घेता येत नाही. एप्रिल २०२५ ला नव्या नियमांची एसआरडी ५.२ आली तीही याच लायसन्सखाली.

सीसी बाय म्हणजे छापा, वाटा, बदला, विका सुद्धा, फक्त मूळ कुणाचं आहे ते सांगा आणि तुम्ही काही बदललं असेल तर तसं लिहा. हे लायसन्स असल्याचं पीडीएफच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. तेच पान मोबाइलवर उघडून काकांना दाखव. आणि हो, पानं वाचवायला म्हणून तेच पान गाळू नकोस, बरेच जण हेच करतात, आणि मग ती प्रत दुसऱ्याच्या हातात गेली की कशाच्या जोरावर छापली ते कुणालाच कळत नाही.

आता न विचारलेला सल्ला. सहा प्रती काढूच नकोस. ए-फोरच्या ८० जीएसएम कागदाचं एक पान जवळपास ५ ग्रॅमचं असतं. पाठपोट काढलं तरी २०२ कागद, म्हणजे एक किलो. सहा किलो रद्दी होईल रे. शिवाय एसआरडी म्हणजे पूर्ण खेळ नव्हे, तो सांगाडा आहे: चित्रं नाहीत, प्रत्येक क्लासचा (योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार) एकच उपप्रकार, बॅकग्राउंड (पात्राची पूर्वपीठिका) एकच, फीट (खास कसब) एकच. एक पूर्ण प्रत सूत्रधाराला, बाकीच्यांना आपापल्या क्लासची आणि मंत्रांची पानं, तीस-चाळीस पानांत भागतं. पीडीएफ अमेरिकन लेटर साइजची असते, ती ए-फोरपेक्षा थोडी रुंद आणि बुटकी, तर प्रिंट देताना ‘फिट’ करायला सांग नाहीतर कडेची अक्षरं छाटली जातील.

प्रश्न: आम्ही नवरा-बायकोने मिळून या एसआरडीतल्या सुरुवातीच्या नियमांचं मराठी केलंय, सोबत आमचं स्वतःचं एक साहस, म्हणजे खेळायची गोष्ट, आहे, सह्याद्रीतल्या एका किल्ल्यावरचं. ६६ पानी पुस्तिका, शंभर प्रती छापून दीडशे रुपयांना विकायचा विचार आहे. भाषांतराला वेगळी परवानगी लागते का? आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) घ्यावा का? आणि मराठी शब्द कुठपर्यंत ताणावे यावर घरात भांडण आहे. – नाशिकचं जोडपं

उत्तर: वा, मला एक प्रत ठेवा बाजूला!

भाषांतराची परवानगी सीसी बाय मध्येच आलेली आहे, वेगळी मागायला नको. एसआरडीच्या पहिल्या पानावर कंपनीने श्रेयाचा एक परिच्छेद दिलाय, तो जसाच्या तसा इंग्रजीत छापा, खाली मराठीत एक ओळ टाका की हे भाषांतर आमचं, नियमांत अमुक बदल आमचे. त्या परिच्छेदापलीकडे कंपनीला वेगळं श्रेय कुठे देऊ नका, हे त्यांनीच लिहिलंय. ‘फिफ्थ एडिशनशी सुसंगत’ अशा अर्थाचं लिहायला त्यांची हरकत नाही, पण खेळाचं नाव किंवा लोगो कव्हरवर मोठ्ठं टाकू नका, तो ट्रेडमार्क आहे आणि सीसी लायसन्समध्ये ट्रेडमार्क येत नाही. आणि भाषांतर करताना एसआरडीच समोर ठेवा, दुकानातलं जाडं रंगीत पुस्तक नको. त्यात मंत्रांच्या नावात जादूगारांची नावं असतात, बिग्बी, मेल्फ वगैरे, एसआरडीत ती काढून नुसतं ‘आर्केन हँड’, ‘ॲसिड ॲरो’ असं ठेवलंय. तुमच्या मराठीत चुकून मेल्फ आला तर समजायचं की कुठून उतरवलंय.

हे सगळं या एका खेळाचं झालं, दुसऱ्या कुठल्या खेळाचं मराठी कराल तेव्हा त्याचं लायसन्स नव्याने वाचा. उदाहरणार्थ ‘बेसिक फँटसी’ची २०२३ ची चौथी आवृत्ती सीसी बाय-एसए खाली आहे, त्यातलं एसए म्हणजे तुमचं भाषांतरही तुम्हाला त्याच लायसन्सखाली मोकळं सोडावं लागेल. विकता येतं, पण दुसऱ्या कुणी तुमची पुस्तिका छापून विकली तर तक्रार करायची नाही. त्या खेळाची छापील प्रत त्याचे कर्ते स्वतः जवळपास छपाईच्याच खर्चात देतात आणि पीडीएफ फुकट, मला हा माणूस फार आवडतो.

आयएसबीएन आपल्याकडे सरकार फुकट देतं, दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी, अर्ज ऑनलाइन, लेखकाला स्वतःच्या नावाने करता येतो. कुणी ‘पॅकेज’मध्ये त्याचे पैसे लावत असेल तर हसून नाही म्हणा. मित्रमंडळींतच विकणार असाल तर तो नसला तरी काही अडत नाही, दुकानात किंवा ऑनलाइन ठेवणार असाल तर घ्या. आणि आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइट झाला असं नसतं, तो नुसता नंबर आहे.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती सांगते. १९५४ चा एक कायदा आहे, पुस्तक प्रकाशित केलं की तीस दिवसांत आपल्या खर्चाने एक प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि एकेक चेन्नईच्या कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधल्या ग्रंथालयाला पाठवायची. नाही पाठवली तर दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत, त्यामुळे दंडाला घाबरून पाठवणारं कुणी नाही. पण तुम्ही पाठवा हो. शंभर वर्षांनी कुणीतरी टाउन हॉलच्या पायऱ्या चढून मराठी फाशांच्या खेळाची पुस्तिका मागेल आणि ती तिथे असेल, चार प्रतींचं पोस्टेज त्यापुढे काय आहे.

पानांचं: ६६ ची ६४ करा. मधे पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात, ६६ म्हणजे ६८ छापणं आणि दोन कोरी. ६४ म्हणजे सोळा पानी चार फर्मे (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे), हिशोब सुटसुटीत. शंभर प्रतींना ऑफसेट नको, प्लेटचा खर्चच डोक्यावर बसतो, डिजिटलच करा.

शब्दांचं भांडण मी सोडवणार नाही, पण माझा कौल सांगते. टेबलावर तोंडातून जे निघतं ते छापावं. गेम मास्टरला ‘सूत्रधार’ इतका चपखल शब्द आहे की तो न वापरणं पाप आहे. पण हिट पॉइंट्सना, म्हणजे पात्राचा जीव किती उरला त्या आकड्याला, ‘प्राणांक’ केलंत तर छापलेलं वेगळं आणि बोललेलं वेगळं होईल, कारण मारामारीच्या मधे सगळे ‘एचपी किती उरले’ असंच ओरडतात. आर्मर क्लासचा, म्हणजे पात्राच्या बचावाच्या आकड्याचा, ‘एसी’ मात्र मराठीत घोटाळा करतो. आमच्याकडे मे महिन्यात नवीन आलेल्या मुलीला ‘तुझा एसी किती’ विचारलं तर ती म्हणाली दीड टन. तिथे ‘चिलखत’ ठेवा. आणि ड्रॅगनला ड्रॅगनच म्हणा, अजगर नको, अजगर बघून कुणी तलवार काढत नाही.

प्रश्न: नातवाचा अठरावा वाढदिवस आहे. तो कॉम्प्युटरवर कसलंसं खेळाचं पुस्तक वाचतो, डोळे खराब होतात. ते छापून, छान बांधून द्यायचं आहे. दुकानदार म्हणतो स्पायरल करा. मला स्पायरल म्हणजे ऑफिसचा रिपोर्ट वाटतो. चारशे पानं आहेत. हा जुगार तर नाही ना? – एक आजी, सांगली

उत्तर: आजी, जुगार अजिबात नाही, यात पैसे लागत नाहीत, फासे असतात एवढंच. त्यातला एक वीस बाजूंचा असतो, तो बघून तुम्हाला मजा वाटेल.

दुकानदाराचं एका बाबतीत खरं आहे. हे पुस्तक कादंबरीसारखं वाचलं जात नाही, टेबलावर उघडं पडलेलं असतं, वर चहाचा कप, एका हातात फासे. नुसत्या गोंदाचं परफेक्ट बाइंडिंग केलं तर चारशे पानी पुस्तक असं सपाट उघडून ठेवलं की पाठ तडकते, आणि नेमकी मधली, सगळ्यात वापराची पानं हातात येतात. माझ्याकडे अशी एक प्रत आहे, तिच्यातले मंत्र आता क्लिपला लावलेत. बाइंडरने सांगितलं होतं ‘काही होत नाही मॅडम’.

तर तुम्ही जुन्या बाइंडरकडे जा, जो वकिलांची नाहीतर ग्रंथालयाची पुस्तकं बांधतो. त्याला म्हणा फर्मे पाडून दोऱ्याने शिलाई, वर कापडी पुठ्ठा. त्यासाठी पानं आधीपासून दुमडून बसतील अशी छापावी लागतात, म्हणजे मोठ्या कागदावर एका बाजूला दोन पानं, म्हणून छापायच्या आधी बाइंडरला विचारा, नंतर नाही. नुसते सुटे ए-फोर काढून नेलेत तर तो कडेने शिलाई मारेल, ती पक्की असते पण पुस्तक नीट उघडत नाही आणि आतल्या बाजूची अक्षरं खोबणीत जातात.

कागदाची एक खोड असते, त्याला ग्रेन म्हणतात, तंतू एका दिशेने पडलेले असतात. ते पुस्तकाच्या पाठीला समांतर हवेत, नाहीतर पानं ताठ उभी राहतात, लोळत नाहीत. घरी बघायचं तर कागदाचा चौकोनी तुकडा घ्या, एका बाजूने ओलं बोट फिरवा, तो नळीसारखा वळेल, त्या नळीची लांबी ज्या दिशेला ती ग्रेनची दिशा. चकचकीत आर्ट पेपर घेऊ नका, दिव्याखाली चमकतो आणि त्यावर पेन्सिलने लिहिता येत नाही, नातू लिहिणारच. साधा नॅचरल शेडचा मॅपलिथो बरा, पिवळसर, डोळ्यांना थंड.

आणि अजून एक सुचतंय, मला स्वतःला करून बघायचंय. तुमच्याकडे पोथी असेलच, सुटी आडवी पानं, वर-खाली लाकडी फळी, कापडात बांधलेली. राक्षसांची पानं तशी करा की! एका पानावर एक राक्षस. सूत्रधाराला त्या दिवशी लागतील तेवढी पानं काढायची, बाकीचं बांधून ठेवायचं. शिलाई नाही, गोंद नाही, तडकायला काही नाहीच. लाल कापड मात्र तुमच्या पातळाचं लावा.

ती पीडीएफ कुठली आहे, छापायची परवानगी आहे का, हे नातवाच्या मित्राला गुपचूप विचारून घ्या. पहिलं नाहीतर शेवटचं पान बघायला सांगा.

प्रश्न: एका ग्रुपवर नव्या महागड्या पुस्तकाची स्कॅन पीडीएफ फिरतेय. तीपण फुकटच आहे. छापली तर? दिल्लीच्या झेरॉक्स केसमध्ये कोर्टाने परवानगी दिली होती ना? – नाव नको, ठाणे

उत्तर: नाही. ती केस दिल्ली युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकातल्या निवडक भागांच्या झेरॉक्सची होती, २०१६ चा निकाल, शिक्षणासाठीच्या सवलतीवर. तुमचा शनिवारचा ड्रॅगन अभ्यासक्रमात नाही. पुढचा प्रश्न.

प्रश्न: इथे न्यूयॉर्कला आमची रविवारची मराठी शाळा आहे. मुलं मराठी बोलायला कंटाळतात पण खेळात बोलतात, म्हणून एका फुकट खेळाचे नियम मराठीत करून तीस प्रती छापायच्या आहेत. दोन अडचणी. खेळाचं लायसन्स ‘एनसी’ आहे, कॉपी-शॉप पैसे घेणार, शाळेची फी आहे, मग चालेल का? आणि प्रूफ आलं त्यात मराठीची वाट लागलीय, वेलांट्या भलतीकडे, काही ठिकाणी चौकोन. – शाळेच्या एक ताई

उत्तर: एनसी म्हणजे धंद्यासाठी वापर नको. कॉपी-शॉपच्या पैशांची काळजी तुमच्याकडे तरी नको, कारण २०१८ मध्ये अमेरिकेच्या सेकंड सर्किट अपील कोर्टाने, ज्याच्या हद्दीत न्यूयॉर्क येतं, नेमका असाच वाद निकाली काढलाय: शाळांनी एनसी लायसन्सचं साहित्य एका दुकानात पैसे देऊन छापून घेतलं, कोर्ट म्हणालं वापर शाळेचा आहे आणि तो धंद्याचा नाही, दुकान फक्त त्यांच्यासाठी छापतंय. प्रती मुलांना फुकट दिल्यात तर मला चिंता वाटत नाही. पाच डॉलरला विकल्यात, अगदी शाळेच्या मदतीसाठी का होईना, तर आधी कर्त्याला मेल टाका. या खेळांचे कर्ते बहुतेक एकटे-दुकटे असतात, उत्तर देतात, आणि मराठीत येतंय म्हटल्यावर खुशच होतात. आणि लायसन्समध्ये ‘एनडी’ अक्षरं असतील तर मात्र बदल करून वाटायला बंदी आहे, म्हणजे भाषांतर वाटताच येणार नाही, हे तपासा. चित्रांचं पण. मजकूर मोकळा आणि चित्रं चित्रकाराची, हे फार ठिकाणी असतं. चित्रं हवीच असतील तर गुस्ताव्ह डोरे हा फ्रेंच चित्रकार बघा, १८८३ ला वारलेला माणूस, कॉपीराइट कधीच संपलाय, त्याची जंगलं आणि राक्षस कुणालाही घाबरवतील.

आता वेलांट्या. हे माझं रोजचं दुखणं. पानं लावायच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जोडायची असते हे सांगावं लागतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाचा कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ केला नाही तर ‘किल्ला’ची पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘ल्ला’ फुटतो. लिबरऑफिसमध्ये हा त्रास नाही, तिथे करा आणि फाँट एम्बेड करून पीडीएफ पाठवा, वर्ड फाइल कधीच पाठवू नका. चौकोन दिसतायत ते बहुतेक ‘ॲ’चे असतील, जुन्या फाँटमध्ये ते अक्षरच नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या मंडळींचा ‘मुक्त’ घ्या नाहीतर ‘तिरो देवनागरी मराठी’, दोन्ही फुकट आणि खरोखर मोकळे, आणि तिरोमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत.

प्रूफ आलं की अख्खं वाचत बसू नका, आधी हे शब्द शोधा: दुसऱ्या, किल्ला, ॲसिड, शस्त्र, ऑर्क. पाचही नीट असतील तर बाकी बहुतेक नीट असतं. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र सगळ्यात नाजूक. आणि अक्षरांचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा हवा, चार रंग मिसळून केलेला काळा नको, कारण छपाईत रंग केसभर सरकले तरी बारीक टायपातल्या अनुस्वारांना लाल-निळी सावली येते आणि ‘आहे’ का ‘आहें’ ते कळत नाही. मराठी शिकणाऱ्या मुलांना तर नाहीच कळणार.

प्रश्न: प्रेसवाला म्हणतो शंभरच्या ऐवजी पाचशे काढा, एका प्रतीचा खर्च निम्म्याहून कमी पडेल. काढू का? – उत्साही, कोल्हापूर

उत्तर: खरं बोलतोय तो, पडेलच कमी. पण आधी एकच प्रत काढ, डिजिटल, महाग पडली तरी. तिच्यावर तीन-चार वेळा खेळा, चहा सांडू दे, मग ठरव.

मी ऐकलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी एका मोकळ्या खेळासाठी मी छोटी पुस्तिका केली, तीनशे प्रती ऑफसेटला, कारण स्वस्त पडत होत्या. त्यात वीस बाजूंच्या फाशाचा एक तक्ता होता, जंगलात काय भेटेल त्याचा. तक्ता मीच टाइप केला, प्रूफ मीच तपासलं, तीनदा. पहिल्या रविवारी पहिलाच फासा पडला तेरा. आणि तक्त्यात बारानंतर थेट चौदा. तीनशेही प्रतींत. स्टिकर छापून लावावे असं ठरलं, पन्नासेक लावलेही, मग कंटाळा आला. आता आमच्याकडे नियमच झालाय की जंगलात तेरा पडला तर काही भेटत नाही आणि सूत्रधाराने उठून सगळ्यांना चहा करायचा. दिवाणात अजून एकशे साठ प्रती आहेत, बिनस्टिकरच्या. कोल्हापूरला पाठवू का?